गच्ची उघडीच ठेवावी

मी, मनोरमा विष्णू ताम्हणे, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार भंवरकुआं, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. त्याचा तळमजला आणि पहिला मजला मुलगा जयेश याला द्यावा. गच्चीचे पुढे लिहिले आहे.

२. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ मुलगी अनुश्री हिला. तिच्या वडिलांचे शेड-बुकही तिलाच. आमचे हे मिलच्या रंगखात्यात सव्वीस वर्षे होते. ब्याण्णव साली मिल बंद पडली, तेव्हा रंगीत कापडाचे तुकडे चिकटवलेली ही वही तेवढी घरी आली. पुढे दर हिवाळ्यात पिटुनिया फुलली की वही शेजारी धरून ते नंबर जुळवायचे. "दोनशे चौदा. जरा फिका उतरलाय." फुलाला नापास करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

३. सर्व कुंड्या, रंगाचे पत्र्याचे डबे, झारी आणि खुरपी सून सुरभी हिला. थंडीची रोपे दिवाळी आटोपल्यावर लावावीत, ऑफिसटाइमची फुलझाडे होळीनंतर, तेरडा जूनमध्ये. खत गार पाण्यात घोळावे. हे लिहावे लागते, कारण पहिल्या वर्षी यांनी मिलमध्ये रंग घोळायच्या सवयीने खत उकळत्या पाण्यात घोळले आणि गरम गरमच ओतले. झिनियाच्या चाळीस रोपांनी दुपारपर्यंत माना टाकल्या. वर मलाच विचारतात, "गरम पाण्याशिवाय चढणार कसं?"

४. शेजारी प्रतापराव यांनी दहा वर्षे तक्रार केली, "भाभीजी, तुमच्या कुंड्यांचं पानी आमच्या पापडांवर गळून ऱ्हायलंय." दसऱ्याला मात्र झेंडू आमचाच तोडून नेला. मी सारे माफ करते. जास्वंदीची एक कुंडी त्यांना द्यावी. पिवळी डबल मात्र देऊ नये.

५. गच्ची. जयेशला तिथे कोचिंगच्या मुलांसाठी खोल्या काढायच्या आहेत. "आई, पूरी कॉलनीने काढल्या, आपणच फुलं लावून बसलोय," असे तो म्हणतो. त्याचे अगदीच चूक नाही. हल्ली कोणाची नोकरी कधी जाईल ते सांगता येत नाही. तरीही गच्चीचा पूर्ण मालकी हक्क मी सुरभीला देते, तिथे बांधकाम न करण्याच्या अटीवर. गेल्या मार्चमध्ये शिंजिराने कपड्यांच्या तारेवर घरटे टांगले, तेव्हा ती म्हणाली, "पिल्लं उडेपर्यंत तारेला हात नको लावायला, आई. कपडे आत वाळवू, क्या फर्क पडता है." महिनाभर जयेशचे शर्ट पंख्याखाली वाळले. सुरभी, मला तुझे किती कौतुक वाटले ते तोंडाने सांगायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिते.

जयेश, रागावू नकोस. आता लिहिते ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मिल बंद होऊन चार महिने झाले होते. तू कॉलेजात गेला होतास. भर दुपारी मी तुळशीसाठी मातीचे घमेले घेऊन गच्चीवर गेले, तर तुझे वडील कठड्यावर उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. मी एवढेच म्हटले, "अहो, जरा हे धरता का? माझे हात भरून आलेत."

ते वळले, खाली उतरले आणि त्यांनी घमेले धरले. बराच वेळ ते तसेच धरून उभे होते. मग त्यांनी विचारले, "अजून माती लागेल?" मी म्हटले, "पुष्कळ लागेल."

त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. तुझ्या वरातीत नाचले, तुझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसले. देवाने मला भरभरून दिले असे मी म्हणते ते याच वर्षांमुळे. ती आपल्याला जिथे मिळाली, तिथे भिंत उभी करू नकोस, बाळा.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द बदलायचा नाही. खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) मनोरमा विष्णू ताम्हणे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. पंढरीनाथ रेगे, तुकोगंज
२. (सही) सुलोचना मुळे, निवृत्त शिक्षिका, मल्हारगंज

स्थळ: इंदूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २००३