आबांनी पाहिलेले दवाखाने

टेंभुर्णी, मंगळवार

तीर्थरूप वच्छलाआत्या,

तुझ्या रेणुकाचा दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डाव्या गुडघ्यावर हलकेच, तो दुखतो हे माहीत आहे). इकडं आई बरी, मेंढ्या बऱ्या, आबांचं बीपी मात्र वर आहे. ती हकिकत पुढं येईलच. तुझी सकाळची गोळी चालू आहे ना? फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, मंग अर्ध्या परभणीला आपल्या घरचं कळतं. म्हणून कागद.

तर आत्या, मला नर्सिंग पास होऊन सहा महिने झाले. माझ्या सोबतची साजिया निकालानंतर आठव्याच दिवशी हैदराबादला मोठ्या दवाखान्यात लागली, आणि तिथं जागा निघाली की मला कळवत राह्यली. मी कधीच निघाले असते. पण आबांची (म्हणजे तुझ्या लाडक्या धाकट्या भावाची) एकच अट: दवाखाना स्वतः पाहिल्याशिवाय पोरगी धाडणार न्हाई. आणि पाहणं कसं, तर सोयरीक जुळवताना पाहतात तसं. थोरल्या ताईच्या वेळी ते पोराच्या गावात पानटपरीवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना विचारून आल्ते, त्याच रीतीनं.

सुरुवात जालन्यापासून झाली. स्टेशनकडच्या एका दवाखान्यात माझी मुलाखत होती. मी इस्त्रीचा ड्रेस घालून, फाईल छातीशी धरून आत गेले. मागोमाग आबा, धोतर सावरत, कुणी बोलावलेलं नसताना. समोरच्या साहेबांनी मला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता? मी पाठ केलेलं उत्तर काढणार तोच आबा म्हणाले, “तिचं राहू द्या, तुम्ही कुठं असाल ते सांगा. जागा तर भाड्याची दिसून राह्यली.” मंग डॉक्टर किती भाऊ, वाटण्या झाल्या का, म्हातारी कुणाकडं असते, हेही विचारून घेतलं. म्हातारी एकटीच राहते असं कळल्यावर आबा उठलेच. आईला जो सांभाळत न्हाई तो सिस्टर लोकांना काय सांभाळणार, असं त्यांनी मला रिक्षात समजावलं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोलू, थोडं पटलंही.

दुसरा दवाखाना संभाजीनगरचा. या खेपेला मी आबांच्या पाया पडून सांगितलं की मुलाखतीला यायचं न्हाई. आले न्हाईत. ते आदल्या दिवशीच एकटे गेल्ते! ओळख न देता आतलं सगळं पाहावं म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला. नंबर आला, डॉक्टरांनी बीपी मोजलं, ते निघालं एकशे ऐंशी, आणि आबांना सरळ पलंगावर टाकलं. आम्ही रडत-धावत पोचलो तर हे सलाईन लावून घेऊन वॉर्डातल्या सिस्टरला तिचं माहेर कुठलं ते विचारत होते. त्या गडबडीत माझी मुलाखत राहूनच गेली. वर आबांचा निकाल काय, तर माणसं हुशार आहेत पण चिवट, आल्या पाहुण्याला उठू देत न्हाईत. नापसंत. (गोळी तेव्हापासून चालू आहे. रोज मीच देते, आणि रोज ते मला ‘ही किती दिवस?’ विचारतात.)

उरलं हैदराबाद. गेल्या महिन्यात आबा भाकरी बांधून घेऊन रेल्वेनं गेले आणि तीन दिवस राह्यले. भाषेची अडचण पडली न्हाई, आपली बाजारातली हिंदी तिथं बराबर चालते. साजिया सांगते, सिस्टर लोकांच्या हॉस्टेलसमोर ते दोन तास उभे होते. वॉचमननं हटकलं तर त्यालाच विचारलं, पगार वेळेवर होतो का. परत आले ते थेट मेंढ्यांकडंच गेले. दोन दिवसांनी निकाल दिला, तर म्हणे लई लांब आहे, आणि तिथल्या पोरी सारख्या धावतच असतात, निवांत चालताना एकबी दिसली न्हाई. नापसंत.

पण तू काळजी करू नको, मी मजेत आहे. सकाळी ओट्यावर बीपीचं मशीन घेऊन बसते, अर्धी गल्ली रांगेत असते. शेजारचे कारभारीकाका रोज मोजून घेतात आणि नॉर्मल निघालं की नाराज होतात. आईच्या हातची गरम भाकर आहे, आबा माझ्या भल्याचंच पाहतात. मला बिलकुल घाई न्हाई. मामांना नमस्कार सांग, गुडघ्याला तेल लाव.

तुझी भाची,
रेणुका

ता. क. ‘घाई न्हाई’ वाचून पत्र ठेवून देशील, म्हणून लिहिते. हैदराबादच्या त्याच दवाखान्याला मी फोनवर मुलाखत दिली, निवड झाली, आणि मी हो म्हणून बसले! सोळा तारखेला हजर व्हायचंय. तिकडं नाव नोंदवायला आपल्या इकडच्या नर्सिंग कौन्सिलची एनओसी लागते, तीही आलीय, पिठाच्या डब्यामागं लपवलीय. आबांना सांगायची हिंमत होत न्हाई. त्यांना दुखवून मला जायचं न्हाई आत्या, आणि गेले न्हाई तर शिकलेलं सगळं वाया जाईल अशी धास्ती वाटते. ते फक्त तुझा शब्द मोडत न्हाईत. तेवढा एक फोन कर.

ता. क. दुसरा: पत्र टपालात टाकायला आबांकडंच देतेय, पोस्टाकडं तेच जातात. पाकीट डिंकानं पक्कं चिकटवते. त्यांना यातलं काही कळू देऊ नको, तुला माझी शपथ.

(पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात)

ता. क. तिसरा. अक्का, मी आबाराव लिहून राह्यलो. डिंक कच्चा निघाला, पाकीट नवीन घेतलं. दवाखाना चांगला आहे. खोट काढायला तीन दिवस बसलो, सापडली न्हाई, तीच पंचाईत झाली. पोरगी घरातून जाणार, ते मनाला सोसंना, म्हणून नापसंत म्हणलो. तू फोन कर. मी तीन-चार वेळा न्हाई म्हणंन, आवाजबी चढवीन, तू ऐकू नको. मंग तुझ्या शब्दाखातर हो म्हणंन. मी वाचलं हे तिला सांगू नको. फोन मात्र जल्दी कर. रिझर्वेशन मी आजच करून आलो. जायची दोन, यायचं एक.