दाराला पाठ लावून

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगते, मी बरी आहे.

पापण्यांची सूज तुझ्यासारखीच माझीही पाठ सोडत नाही. रोज सकाळी त्या चिकटतात आणि गरम फडक्याने शेकल्याशिवाय उघडत नाहीत. हे कारखान्यात शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला माहीत होतं. आमचं भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी शेक घेत असताना तिने खोलीत घुसून मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. काही दिसत नव्हतं. हाताला तिचा अंगठा लागला, त्याला मी कडकडून चावले. सात टाके पडले तिला! माझा फक्त एक दात हलतोय.

आता दाराला पाठ लावून शेक घेते.

बाबा अजून सकाळीच हात उगारतात का? मग तूही तशीच बसत जा. आणि गरम पाण्याचं पातेलं हाताशी ठेव.

तुझीच,
थोरली