मनाई केलेला दाणा

अंबरनाथ, जानेवारी १९५३, गुरुवार संध्याकाळ

दुपारी ओट्यावर रेशनचे गहू निवडत होते. उल्हासनगरच्या कॅम्पातली पापडवाली देवीबाई येऊन टेकली. मूठभर गहू हातात घेऊन म्हणाली, "बाई, देवाने आदमला ह्याचीच मनाई केली होती. खाल्ला म्हणून बागेतून काढला."

मी म्हटलं, "ते तर सफरचंद होतं ना?"

"नाही बाई. सिंधमध्ये आमच्या शेजारचे मौलवी बोलायचे, गेहूँ होता." आणि हसली. घरदार तिकडे टाकून आलेली बाई, हसते कशी?

मला शकू आठवली. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत तिचा टायफॉइडचा ताप जरा उतरला होता आणि माझी पोर विनवत होती, "आई, चतकोर पोळी दे गं." डॉक्टरांनी पोळीला सक्त मनाई केली होती. मी दिली नाही, लाह्यांचं पाणी पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी ती गेली. पोळी दिली असती तर जगली असती, असं नाही. डॉक्टरांचं बरोबरच असेल. पण चतकोर...

आदमने ऐकलं नाही म्हणून त्याला घालवलं. मी तर ऐकलं होतं ना?

निवडलेले गहू पुन्हा डब्यात भरून ठेवले. ह्यांना भातच वाढला. वर्षभरात त्यांनीही कधी पोळी मागितलेली नाही.