हाराच्या फोटोतली काळी पट्टी

९ फेब्रुवारी, रविवार

नवरी गेली! फोटोतून गेली म्हणजे. पिंगळी गावातलं लग्न, हार घालायचा क्षण, कॅमेरा उभा धरलेला — नवरदेव अख्खा, आणि शेजारी काळी पट्टी. नवरीचा हारातला हात तेवढा दिसतोय. एक न्हाई, बत्तीस फोटो असे! आडवे धरलेल्यांत सगळ्यांचे पाय गेलेत.

तिथं कळलं पण न्हाई. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघायला वेळ कुठं होता. बौद्धाचार्य घाई करायलेत, नवरीची मावशी माझ्या कोपराला धरून ओढायली — "ताई, आमचा एक, आमचा एक." घरी येऊन संगणकावर बघितलं तेव्हा कळलं.

सिद्धोधनला दाखवले. (तोंडावर 'अहो', वहीत सिद्धोधन. वही माझी आहे.) त्याने एकदा बघितलं आणि मान फिरवली. दोन वर्षं झाली अपघाताला. उजव्या हाताची नस गेली आणि जीभ पण गेल्यासारखी. अरे, स्टुडिओ तुझा, कॅमेरा तुझा, एक शब्द तरी बोल!

१० फेब्रुवारी

नवरीचा भाऊ ओमप्रकाश याचा फोन. "ताई, हाराचा फोटो व्हॉट्सअपला टाका की." म्हणलं, टाकते. कुठून टाकू?

११ फेब्रुवारी

दिवसभर कॅमेऱ्याची सेवा. बॅटरी बदलली. कार्ड बदललं. लेन्सच्या सोनेरी ठिपक्यांवर खोडरबर फिरवलं. पंपाने धूळ उडवली. मग उन्हात आणून अंगणातल्या बादलीचे पन्नास फोटो काढले — पन्नासही चांगले! काळं काही न्हाई. बादलीचं लग्न असतं तर बरं झालं असतं.

सासूबाईंना — आम्ही त्यांना आत्या म्हणतो — सांगितलं, शटर बिघडल्यासारखं वाटतंय. तर म्हणल्या, "आगं, सकाळीच उघडलं की मी. थोडं ग्रीस लाव." मी कॅमेऱ्याचं म्हणतेय, या दुकानाचं म्हणतायत! हसू आलं. मग रडू आलं.

बटनामागच्या चाकावरची चिकटपट्टी पण नवी दिसली. मीच लावली असेल. शिकवताना सिद्धोधनने ते चाक १६० वर ठेवून वर काळी पट्टी चिकटवली होती. "याला हात लावायचा न्हाई. डोळा लावला की आत बिंदू दिसतो, तो पेटला की बटन दाबायचं. बाकी काही बघू नको." आत आकडे दिसतात. मी बघत न्हाई. दोन वर्षं एक बिंदू आणि एक बटन, आणि त्याच्यावर जिंतूरची निम्मी लग्नं काढली!

१२ फेब्रुवारी

ओमप्रकाशचे चार फोन. उचलले न्हाईत.

१३ फेब्रुवारी

परभणीला हरिओमकडे गेले. कॅमेरे दुरुस्त करतो, सिद्धोधनचा जुना दोस्त. त्याने संगणकाला जोडून आकडा दाखवला — आजवर शटरचा पडदा १,३८,४१२ वेळा उघडलाय. "वैनी, पडदा थकला असंल. बदलायचा तर पंधरा दिवस ठिवावा लागंल." पंधरा दिवस! सोळाला पंडित गुरुजींचा निरोप समारंभ, तेवीसला नीलमच्या लग्नाची ऑर्डर. म्हणलं, नको. आकडा बघायचं ते सॉफ्टवेअर मात्र त्याच्याकडून घेऊन आले.

येताना एसटीत खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी. खरं सांगायचं तर मला हेच आवडतं. कॅमेरा बरोबर असला की कुणी विचारत न्हाई कुठं चाललीस, कधी येणार, कुणाबरोबर. न्हाईतर माझं जग म्हणजे पुढं दुकान, मध्ये पडदा, मागं खोली. पुढं झेरॉक्सचा खडखडाट, मागं त्या दोघांचं गप्प बसणं. कॅमेरा गेला तर मी संपले. असं कुणाला म्हणून दाखवायची सोय न्हाई.

१५ फेब्रुवारी

दीर बालाजी यांचा राणीसावरगावहून फोन. पिंगळीचं तिकडपर्यंत पोचलं! "वैनी, दादाचं नाव खराब व्हायलंय. तेवीसचं लग्न करा. तेबी बिघडलं तर पंचवीसला टेंपो लावतो, समदे गावाकडं या. हितं चार म्हशी हायत, तुमाला काम कमी न्हाई."

चार म्हशी.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच. पंडित गुरुजींना शाल घालतानाचा फोटो — शाल आहे, गुरुजी कमरेपासून खाली न्हाईत. या वेळी तिथल्या तिथं बघितलं. पुढचे सगळे फ्लॅश न लावता खिडकीच्या उजेडात काढले. ते आले. कसे का असेना, आले.

मग शाळेच्या मोरीत जाऊन रडले. बाहेर आले तर गुरुजी उभे. म्हणाले, "रडू नको बाई, मी कुठं लांब चाललोय?" त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी रडतेय.

१७ फेब्रुवारी

भानगड आहे. आकडा बघितला — १,३९,००४. तेरा तारखेपासून कालपर्यंत मी चाचण्या धरून ३८० फोटो काढले. तीनदा मोजले. मग वरचे २१२ कुणी काढले? कार्ड तर मी रोज काढून पाकिटात ठेवते. म्हणजे कॅमेरा कपाटात बसून आपला आपण उघडतोय मिटतोय? भूत लागलं का काय त्याला!

१८ फेब्रुवारी

हरिओमला फोन केला. त्याने पहिल्यांदाच नीट विचारलं — काळं कधी येतं? फ्लॅश लावला की? हो! तेवढंच मी त्याला सांगितलं नव्हतं, फ्लॅश परभणीला नेलाच नव्हता. म्हणाला, "चाकावरची पट्टी काढा. आकडा वाचा." काढली. ५००!

"वैनी, आतमंदी दोन पडदे असतात. एक उघडतो, दुसरा मागून मिटत येतो. आकडा जेवढा मोठा तेवढी घाई. लय घाई केली की पहिला पुरा उघडायच्या आदी दुसरा निघतो. फ्लॅश एकदाच चमकतो. तेवढ्यात जेवढी फट उघडी तेवढाच फोटो. १६० वर ठिवा, काय होत न्हाई."

ठेवलं. फ्लॅश लावून भिंतीचा फोटो काढला. पांढरी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कॅमेऱ्याला काही झालेलंच न्हाई! दहा दिवस मी खोडरबर घासत बसले!

मग चाक कुणी फिरवलं? आणि फिरवून वर नवी पट्टी कुणी लावली? काढलेली पट्टी बघितली, दोन्ही टोकं कात्रीने सरळ कापलेली. मी दाताने तोडते. सिद्धोधनला एका हाताने कात्री चालवता येत न्हाई. राहिलं कोण?

आत्यांना विचारलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणल्या आणि डाळ निवडत बसल्या. माझ्याकडे बघितलं न्हाई. मग माझा तोल गेला. दोघांनाही बोलले. म्हणलं, तुमाला गावाकडंच जायचंय तर सरळ सांगा, माझं काम कशाला बिघडवता? आणि सिद्धोधनला — काय बोलले मी! — "तुमचा हात गेला, आता माझाबी काढून घ्यायलात का?"

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. आत्या डाळ निवडतच होत्या.

१९ फेब्रुवारी

कपाटाला कुलूप. किल्ली काळ्या दोऱ्यात, गळ्यात.

२० फेब्रुवारी

आकडा तेवढाच. एकानेही वाढला न्हाई. म्हणजे भूत घरातलंच. जिंकले, पण आनंद काही झाला न्हाई. तिघं एका खोलीत जेवतो आणि भांड्यांचाच आवाज येतो.

२१ फेब्रुवारी

आज मुद्दाम कपाट उघडं ठेवलं. कॅमेऱ्यात कार्ड पण राहू दिलं. दिवसभर पुढं बसून झेरॉक्स काढल्या. मागं वळून बघितलं न्हाई. मानेला काटे टोचत होते, तरी न्हाई.

२२ फेब्रुवारी

कार्डावर त्र्याहत्तर फोटो. सगळे उलटे.

पंखा खाली, फरशी वर. कपाट डोक्यावर उभं. आधी कळेचना. संगणकाच्या पडद्यासमोर मान वाकडी करून बसले. पहिले वीस नुसते हललेले. मग खिडकीचे गज जरा स्थिर. मग दोरीवरचं माझं पातळ. मग आत्यांची मांडी आणि त्यांच्या हातात उशी. प्रत्येक चार-पाच फोटोंनंतर ती उशी. शेवटी पडद्याच्या फटीतून मी — पाठमोरी, वेणी सुटलेली, झेरॉक्सवर वाकलेली. तोच सगळ्यांत स्वच्छ आलाय. केस न् केस दिसतोय.

मग कॅमेरा घेतला. उजवा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवला आणि डाव्याने धरून बघितला. बटन पलीकडच्या अंगाला, बोट पोचतच न्हाई. फिरवला, उलटा केला. आता कॅमेऱ्याची मूठ डाव्या हातात आली आणि अंगठा खालून बरोबर बटनावर. आणि अंगठ्याच्या शेजारी ते चाक. बटन दाबलं की अंगठा त्याला घासतो. पट्टी रोज सुटत असणार!

आत्या दारात उभ्या होत्या. म्हणल्या, "महिना झाला. तू पुढं बसलीस की काढायचा. कपाटाला कुलूप लावलंस त्या दोन दिसात जेवला न्हाई पोरगा धड. तुला सांगू नको म्हणला, जमल्याबिगर सांगायचं न्हाई. कॅमेरा पडला बिडला तर म्हणून मी खाली उशी धरायचे. पट्टी निघाली की मीच लावायचे. पट्टीनं एवढं व्हतंय हे आमाला काय ठावं!"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. काय काय बोलले होते मी! सिद्धोधन बाजेवर बसला होता, भिंतीकडे न्हाई, माझ्याकडे तोंड करून. मी म्हणलं, "आकडे बघायचे आत. चाक फिरतं." तो म्हणाला, "तुला मीच बघू नको म्हणलो होतो." आणि हसला. दोन वर्षांनी.

मग त्यानेच विचारलं, "उद्या नीलमच्या लग्नाला येऊ का?"

२३ फेब्रुवारी, रविवार

आला! पांढरा सदरा, उजवा हात खिशात. हॉलमध्ये लोक जय भीम घालायले तर दारातच पाच मिनिटं अडकला. मी कामाला लागले. चाक १६० वर, प्रत्येक वेळी आत आकडा वाचून. एकही काळा न्हाई.

त्रिशरण-पंचशील झालं. हार हातात आले. मी त्याच्याकडे बघितलं — कोपऱ्यात उभा, डावा अंगठा आपोआप हलायलाय. काय वाटलं कोण जाणे, जाऊन कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने उलटा केला. मागून कुणी तरी पोरगं ओरडलं, "ओ काका, उलटा धरलाय!" सगळा हॉल हसला. त्याचे कान लाल झाले. मी शेजारी चिकटून उभी राहिले आणि बोटाने चाक दाबून धरलं, हलू दिलं न्हाई.

एकच फोटो. नवरा, नवरी, दोन्ही हार, डोक्यापासून पायापर्यंत. घरी येऊन तो सरळ केला आणि आत्यांना दाखवला. त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. मग बालाजीला फोन लावायला सांगितला. "टेंपो नको आणू रे," म्हणल्या. "दादा कामाला लागला तुजा."

लय बरं वाटलं. खरंच लय बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना सिद्धोधन म्हणाला, "दोन तारखेचं चतुराबाईच्या नातीचं लग्न मी काढतो. चाक धरायला हरिओमचा भाचा येतो म्हणलाय. तू लय केलंस, आता घरी आराम कर." आणि डावा हात पुढं केला. "कपाटाची किल्ली दे."

आत्या डोळे पुसत होत्या.

दुपार झाली. किल्ली अजून गळ्यात आहे.