नटावरची पिवळी रेघ

१४ नोव्हेंबर २०१०, रविवार
गाडी पुन्हा ठोकळ्यांवर. चाकं जिन्याखाली, सायलेन्सर माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीला टेकवलेला. मराठी मंडळातल्या दोघी आल्या होत्या, त्यांना पोर्चमधून अंग चोरून आत यावं लागलं. एकीने विचारलं, "ही चालते का हो?" गाडीखालून अरुण म्हणाला, "अजून नाही." इंदिरा नगरात राहायला आल्यापासून हेच उत्तर ऐकते आहे.

जुलैत रेल्वेतून रिटायर झाला तेव्हा वाटलं, आता नवरा घरात दिसेल. छे! दिल्लीत चौथ्या हाताची घेतलेली ही दोन दारांची लाल जपानी स्पोर्ट्स कार म्हणजेच आता ऑफिस. सकाळी आंघोळ करून पोर्चमध्ये, दुपारी जेवायला घरात. बेत मोठा आहे: कडक स्प्रिंगा, मोठे ब्रेक, इंजिनाला टर्बो. सगळं स्वतःच्या हाताने. नट घट्ट झाला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची सलग रेघ ओढतो. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबूनही कळतं. जन्मभर रेल्वेचे डबे तपासले, त्याची ही खोड. माझ्या कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवरसुद्धा रेघ आहे.

आज पाना दोनदा हातातून पडला. तो हसला. मला हसू आलं नाही.

१९ जाने. २०११
कोहरा. समोरचं फाटक दिसत नव्हतं. त्यातच डॉ.कडे.

कंपवात. शब्द ओळखीचा, मामांना होता. पुढचं काही ऐकायचं नव्हतं मला. अरुणने एकच विचारलं, "गाड़ी चला सकता हूँ?" डॉ. म्हणाले, "अभी तो चलाइए। आगे का आगे देखेंगे।"

बाहेर येऊन मला म्हणतो, "बघ, चालवायला सांगितलंय."

रिक्षात मफलर तोंडावर ओढून रडले. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डावा, थरथरतो तो. लक्षात आल्यावर काढून घेतला. राहू द्यायला हवा होता.

१२ फेब्रु.
रईसभाईंनी खबर आणली. (अलीगंजला त्यांचं गॅरेज. आमच्या गाडीची जड कामं, वेल्डिंग वगैरे, तेच करतात.) छावणीतल्या एका मेजरसाहेबांची बदली होणार आहे, गाडी विकायची आहे. हीच गाडी, हेच मॉडेल, रंग तेवढा निळा. आणि अरुणच्या डोक्यातला सगळा बेत तिच्यात आधीच झालेला. टर्बो, ब्रेक, स्प्रिंगा, बादलीसारख्या खोल सीटा, सगळं.

दुपारी गेलो. मेजरसाहेब म्हणाले, "सर, आराम से ले जाइए, इधर ट्रैफ़िक नहीं है।" छावणीतले रस्ते तसे रिकामेच. अरुण बसला, मी शेजारी. गिअरच्या दांड्यावर हात ठेवल्यावर थरथर थांबली! पाठ सीटला चिकटली माझी. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ठरवलं, ही घ्यायची. फंड मोडावा लागला तरी चालेल.



१३ फेब्रु.
भांडण.

मी: तयार आहे, उत्तम आहे, तुला आवडली आहे, अडलंय कुठे?
तो: दुसऱ्याने केलेली आहे. त्याने कुठे काय कापलं, कुठे काय ढकलून बसवलं, ते त्यालाच ठाऊक. वरून रंग मारला की सगळं छान दिसतं.
मी: रईसभाईंना दाखवू. उघडून बघू.
तो: अगं, स्प्रिंगा त्याच्या आवडीच्या आहेत. बसायची उंची त्याच्या पायाची. मी त्यात पाहुणाच राहणार.
मी: आणि आपली? ती कधी होणार?
तो: होईल.
मी: तुझ्याकडे वेळ किती आहे, अरुण?

बोलून गेले. तो उठून पोर्चमध्ये गेला. मी भाजी निवडत बसले, देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात.

२ मार्च
मुक्ताचा फो. हैदराबादहून. ती आमचं मराठी ऐकते आणि हिंदीत बोलते, लहानपणापासून. तिला सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल, "ले लो ना" म्हणेल. तर म्हणते, "आई, पहले ये तो पूछो, बाबा को गाड़ी चलानी है या बनानी है?"

म्हटलं, वेडी की काय, चालवण्यासाठीच तर बनवतोय.

"पूछा है कभी?"

नाही विचारलं. हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, दोन्हीची भीती वाटते.

२९ मे
लू वाहतेय, नुसत्या झळा. पोर्चला ओला पडदा लावलाय तरी पाना हातात धरवत नाही.

मेजरसाहेब गेले. गाडी गोमती नगरच्या कुणीतरी घेतली. शेवटपर्यंत आमच्यासाठी थांबले होते बिचारे. मी पुन्हा एकदा विचारलं, अरुण नको म्हणाला. मग मीच फो. करून सांगितलं. त्यांना सांगताना रडू येईल असं वाटलं नव्हतं.

अरुण तासभर एकच नट बसवत होता. चिमटीत धरायचा, आट्यावर टेकवायचा, तो तिरका व्हायचा, पडायचा. शेवटी नट मुठीत धरून नुसता बसून राहिला. मी जवळ गेले, मूठ उघडली, नट घेतला.

तो म्हणाला, "आधी उलटा फिरव. आटा टक् करून बसेल. मग सुलटा."

बसला टक् करून.

१० जुलै
आता रविवारचं हेच. तो वेताच्या मोढ्यावर बसतो, मी बॉनेटमध्ये डोकं घालते. "अर्धा फेरा. अजून. बस्स!" वनस्पतींच्या इन्स्टिट्यूटमध्ये माझा जन्म गेला वाळलेल्या पानांना चिमट्याने उचलण्यात, एक पापुद्रा मोडू न देता. ते हात इथे कामाला आले. तो म्हणतो, डब्याच्या कारखान्यात मला फोरमन केलं असतं. मी म्हटलं, पगार बोल.

रेघ ओढायची परवानगीही मिळाली. ब्रश माझा, नमुन्यांवर आकडे घालायचा, बारीक. माझ्या रेघा त्याच्यापेक्षा सरळ येतात. तो मान्य करत नाही.

लिहायला लाज वाटते, पण हा उन्हाळा-पावसाळा मी सुखात आहे. आजार वाढतोय, आवाज बसत चाललाय, पाऊल ओढतो. तरी सुखात आहे.

१८ सप्टें.
पॉलिटेक्निक चौराह्यावर निळी गाडी दिसली. मेजरांची. सिग्नल सुटला आणि गुरगुरत निघून गेली. ऑटोवाला म्हणाला, "क्या चीज़ है!" अरुण त्यात बसलेला दिसला मला क्षणभर. पाठ सरळ, हात स्थिर. त्या दिवशी होता तसा.

घरी सांगितलं नाही.

५ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी पोर्च धुतलं. पाटावर पाने, हातोडी, जॅक, माझा ब्रशसुद्धा मांडला. झेंडू. अरुणने पूजा केली, ताम्हण मी धरलं.

बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू वाहायला वाकले आणि दिसलं. ब्रेकच्या तेलाच्या डबीजवळ रेघ तुटलेली. शेजारीही. टर्बोच्या नळीवर तीन नट, तिन्हींवर तुटलेली. हे सगळं मी ऑगस्टमध्ये बसवलेलं, रेघा माझ्या. माझ्या हातात चूक होती? इतक्या ठिकाणी?

संध्याकाळी रईसभाईंना फो. "आपने कुछ खोला था क्या?" ते दुखावले. "भाभी जी, साहब से पूछे बग़ैर हम उस गाड़ी का ढक्कन न खोलें।"

मग कोण?

११ ऑक्टो.
जेवणाच्या सुट्टीत घरी आले, न सांगता.

अरुण पोर्चमध्ये. लांब दांड्याचा पाना नटाला लावलेला, दोन्ही हात दांड्यावर, अंगाचा सगळा भार टाकून नट सैल करत होता. घट्ट बसवणं त्याला जमत नाही आता. सैल करणं जमतं.

राग आला, खूप आला. रविवारमागून रविवार, माझी कंबर, माझी बोटं! "हे काय चाललंय?"

"तपासत होतो."

"अरुण."

पाना खाली ठेवला. आवाज बारीक झालाय, वाकून ऐकावं लागतं.

"काम पुरं झालं की ट्रायल घ्यायला लागते. ट्रायल घेणारा माणूस फिट लागतो. माझ्याकडे जर कुणी असे हात घेऊन डबा न्यायला आला असता, तर मी त्याला परत पाठवलं असतं."

मी म्हटलं, ट्रायल दुसरं कुणीतरी घेईल.

"घेईल. आणि मग? ही पुरी झाली की सकाळी उठून मी काय करू?"

मुक्ताच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी त्याला पहिल्या दिवसापासून पुरी झालेली गाडी घ्यायला सांगत होते.

ऑफिसात परत गेले नाही. त्याच्याजवळ फरशीवर बसून राहिले. नंतर तो सैल केलेला नट मी बसवला. रेघ ओढली. तो बघत होता.

२७ डिसें.
मुक्ता आली सुट्टीवर. सैल केलेल्या नटांचं मी तिला काही सांगितलेलं नाही. तिने बापाकडे पाहिलं, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली, बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, इस बार गाड़ी पूरी करके ही जाऊँगी।"

मी तिला बाजूला ओढणार होते. पण अरुण हसला. ती आल्यापासून पहिल्यांदाच. "कर," म्हणाला.

२ जाने. २०१२
झाली.

रईसभाई, मुक्ता, मी. अरुण शालीत गुंडाळून मोढ्यावर. शेवटची रेघ मुक्ताने ओढली, वाकडी. मग ती चालवायला, अरुण शेजारी, मी फाटकात. बसताना त्याचे पाय आत उचलून ठेवावे लागले. छावणीकडे गेले. गाडीत मागे जागा नाही, मी बरोबर जाऊ शकले नाही. पोर्च एवढं मोठं आहे हे माहीत नव्हतं.

परत आले तेव्हा तो म्हणाला, "ब्रेक बरोबर लागतात. डावीकडे ओढत नाही." डोळे ओले होते. मुक्ता नाचत होती. "देखा आई? घरवाली गाड़ी!" रईसभाईंनी मिठाई आणली.

चांगला दिवस. खरंच चांगला दिवस होता. मी उगाच भिते.

२९ जाने.
मुक्ता जाऊन बरेच दिवस झाले. गाडीवर खाकी कव्हर आहे. जॅक, ठोकळे, सगळं रईसभाई आवरून गेले. मंडळातल्या बायका सरळ चालत आत येतात.

अरुण सकाळी उठत नाही. "चहा इथेच दे."

२६ फेब्रु.
थंडी सरली, तरी खोलीतच. दाढी मी करते. डॉ. म्हणाले, "इन्हें चलाते-फिराते रहिए, बिठाए मत रखिए।" मी म्हटलं, चल, गाडी पुसू. म्हणाला, "स्वच्छ आहे ती." म्हटलं, रईसभाई चालवतील, तू शेजारी बस, चक्कर मारून या. "झाली की चक्कर."

रागावत नाही, कुरकुरत नाही. तेच सोसत नाही मला. भिंतीकडे तोंड करून पडतो.

मुक्ताचा फो., "बाबा गाड़ी में घूम रहे हैं ना?" हो म्हटलं.

११ मार्च, रविवार
सकाळी तो झोपलेला असताना पोर्चमध्ये गेले. कव्हर काढलं. बॉनेट उघडलं. पुढच्या डाव्या स्प्रिंगच्या डोक्यावरचा नट, पहिलाच समोर दिसतो तो. उन्हाळ्यात मीच बसवलेला, रेघ माझी, सरळ. लांब दांड्याचा पाना लावला, दोन्ही हात, अंगाचा भार. सहज नाही निघाला. चांगला बसवला होता मी.

अर्धा फेरा. रेघ तुटली.

बॉनेट लावलं. आत येऊन चहा केला. त्याला म्हटलं, "बॉनेटमध्ये मांजर शिरलंय वाटतं, आवाज येतोय. मला भीती वाटते, तू बघ."

"रईसला बोलाव."

"रविवारी कुठे येणार ते?"

खूप वेळाने उठला. भिंत धरत, माझा खांदा धरत पोर्चपर्यंत आला. बॉनेट मी उचललं. मांजर नव्हतंच. तो वाकून बघत राहिला, डावीकडून उजवीकडे, सवयीने, जसं डब्याखाली बघत असेल. मग थांबला.

"ही रेघ तुटलीये."

"हो का?"

माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखात पिवळ्या रंगाचा कपचा होता, तो मला तेव्हाच दिसला. हात पदराखाली घेतला. त्याने पाहिलं की नाही, कळलं नाही. चेहरा आताशा फारसा हलत नाही त्याचा.

नटावर बोट ठेवून उभा राहिला. बोट थरथरत होतं.

"एक सुटला म्हणजे बाकीचेही बघायला हवेत," म्हणाला. "सगळे. मोढा आण."

मी मोढा आणला.