खंडेनवमीला थांबवलेला समुद्र

लोधिवली,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. हर्षला हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू बोटीवरून उतरून कोचीच्या होस्टेलवर पोचशील तेव्हा हे पत्र तुझ्या टेबलावर असावं, म्हणून आजच स्पीड पोस्टाने टाकतो आहे. तब्येत कशी आहे? बोट लागली का? (तुला बोरघाटात एसटी लागायची, म्हणून विचारतो.) आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. भात पिवळं पडू लागलंय. आता मुद्द्याचं सांगतो. तुझं मशीन मी बंद केलं. बंद पडलं नाही, लाइट गेली नाही. मी माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत बंद केलं. फोनवर सांगितलं असतं तर तू "असू दे बाबा" म्हणाली असतीस आणि गप्प झाली असतीस. तुझं ते गप्प होणं मला सोसवत नाही, म्हणून हा कागदाचा आडोसा.

आधी मी ते किती जपलं ते वाच, मग काय रागवायचं ते रागव. घटस्थापनेला तू त्या कॉम्प्युटरवर समुद्राचं गणित लावून मोजमापं घ्यायला बोटीवर गेलीस. संस्थेच्या मोठ्या संगणकावर दीड महिना नंबर लागत नव्हता म्हणून हे मशीन घरी आणलंस, साडेनऊ दिवस अखंड चालेल म्हणालीस. दारावर मी 'मशीन चालू आहे, हात लावू नये' अशी पाटी लावली. दर दोन तासांनी खोलीचं तापमान वहीत लिहिलं. घरात दोन गोष्टी विझू द्यायच्या नव्हत्या, घटापुढचा दिवा आणि तुझा इन्व्हर्टर. दिवा आईकडे, इन्व्हर्टर माझ्याकडे. चांगोकाका तर रोज यायचे. समुद्रात आवाज कसा जातो ते हे मशीन काढतंय, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "मंग बोंबील कुठं हायत त्ये सांगंल का रं ह्ये?" नाही म्हटलं. तर म्हणतात, "मंग नऊ दिस करतं काय?"

तेव्हा मी त्यांना तू शिकवलेलं सगळं शिकवलं. वरचं पाणी ऊन, त्यात आवाज जोरात पळतो. खाली गारवा, तिथे मंदावतो. आणखी खाली गेलं की पाण्याच्या दाबाने पुन्हा जोर धरतो. आणि आवाज नेहमी वळतो तो मंद पाण्याकडे. त्यामुळे मध्येच एक पट्टा असा असतो की त्यात सापडलेला आवाज ना वर येत, ना तळाला टेकत, हजारो किलोमीटर जात राहतो. मशीन असे लाखभर आवाज सोडतं आणि प्रत्येकाला पाणी, मीठ, तळाचा चिखल बघून वळवत बसतं. आणि बोटीच्या अगदी जवळही अशी जागा असते की तिथे काहीच ऐकू येत नाही. हे मात्र काकांना चटकन पटलं. मी अंगणातून चहा मागितला तर तो आवाज स्वयंपाकघरात पोचत नाही, पण चार घरं पलीकडे चांगोकाकांना बरोबर ऐकू जातो आणि ते कप घ्यायला हजर होतात. (तुझ्या प्रबंधात हे उदाहरण घालायला माझी हरकत नाही.)

आता खंडेनवमी. एकतीस वर्षं मी खोपोलीच्या कारखान्यात लेथ चालवला. त्या दिवशी मशीन पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, हार घालायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. एकाच वर्षी, ऑर्डर निकडीची म्हणून, साहेबाने मशीनं चालू ठेवायला लावली. संध्याकाळी माझ्या शेजारच्या हिरामणची दोन बोटं गेली. तू शिकलेली आहेस, तू म्हणशील तो थकला होता, मशीनला गार्डची जाळी नव्हती. खरं आहे, मीही तेव्हा तेच लिहून दिलं. पण ती बोटं मी उचलली होती, हर्षू. त्यानंतर त्या दिवशी माझ्यासमोर मशीन फिरताना मला बघवत नाही. नवमीच्या सकाळी तुझ्या खोलीत ते एकटं घरघरत होतं. पडद्यावर चौऱ्याऐंशी टक्के झाले होते. मी हार घेऊन तासभर उभा राहिलो. शेवटी मनाशी म्हटलं, लेथ थांबवला तरी अर्धा कापलेला जॉब, म्हणजे तो लोखंडाचा तुकडा, चकच्या पकडीत तसाच असतो. उद्या पट्टा सुरू केला की पुढे कापायचं. आणि बटण दाबलं.

दसऱ्याला चालू केलं तर जॉब नव्हताच. पडदा पासवर्ड मागत होता. तुझ्यासोबत शिकणाऱ्या त्या नवीनला फोन लावला. तो पोरगा आधी एवढंच म्हणाला, "काका, पूजा नीट झाली ना?" भला मुलगा आहे. त्याने फोनवर एकेक अक्षर सांगितलं, मी एका बोटाने दाबलं. मशीन झालेलं गणित अधूनमधून स्वतःच साठवून ठेवतं, त्यातलं सहाव्या दिवसाचं सापडलं आणि तिथून पुन्हा सुरू झालं. तुला कळवू नको अशी मी त्याला शपथ घातली आहे, त्याच्यावर चिडू नकोस. पण सोमवारी तुला बोटीवरची मोजमापं आणि हे गणित शेजारी ठेवून सरांना दाखवायचं आहे, आणि आता ते मंगळवारी सकाळी संपेल. चार वर्षं तू ज्या दिवसाची वाट पाहिलीस तो मी एका हारापायी चुकवला. याबद्दल मला फार वाईट वाटतं. सरांच्या नावे खुलासा सोबत जोडला आहे. (कारखान्यात असे सात खुलासे दिले, सातही मान्य झाले.) एक दिवस मागून घे. ओरडले तर माझा नंबर दे.

तुझे,
बाबा

ता. क. १ – वरची माफी मनापासूनची आहे. तरी आत्ताच सांगून ठेवतो, पुढच्या खंडेनवमीला चालू असलं तर मी पुन्हा बंद करीन.

ता. क. २ – मंगळवारी काम झालं की नवीन येऊन मशीन होस्टेलला नेईल, असं तुझं ठरलं आहे. त्याबद्दल थोडं. नवमीला मी ते बंद केलं आणि दुपारी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "आवो, हर्षूच्या खोलीत कोनीच नाय वाटतं." मग आम्ही दोघंही त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. आठ दिवस आत कुणीतरी काम करत होतं गं. तेव्हा मशीन राहू दे इथेच, आणि त्यावर दुसरं काहीतरी लाव. कितीही दिवसांचं चालेल.