डॉक्टरांना न विचारलेले दोन प्रश्न

३ डिसें. १९९८
बालाघाट-न्यायप्रांगण-भूषण, उलटतपास-पंचानन, अर्धखल्वाट, मधुमेह-विभूषित, सौ.-आज्ञाधारक वकीलश्रेष्ठ मी, यांनी आज सत्र न्यायालयात अखंड मौन पाळले. पोटच्या दोन महिन्यांच्या लेकराचे नाक-तोंड दाबल्याचा आरोप सुमनवर. तिचा वकील मी, सरकारने नेमून दिलेला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, "गुदमरून मृत्यू." मी उठून म्हणालो, "प्रश्न नाहीत." दवाखान्यात रांग खोळंबते, म्हणून डॉक्टरांना अडवू नये, हा आम्हा वकिलांचा सनातन शिष्टाचार.

४ डिसें.
अहवाल पुन्हा वाचला. श्वासनलिकेत दूध. काल हेच पान उघडे होते. सौ.ला सांगितले. पोळी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, "मंग काहून नाही विचारलं?"
प्रतिवादीने उठून पोळी उलटली.

७ डिसें.
जेलमध्ये सुमनची भेट. माझी चूक सविस्तर, सालंकृत कबूल केली. तिने ऐकले की नाही, कोण जाणे. सुटकेचे काहीच विचारले नाही. इतकेच,
"साहेब, चिरल्यावर त्याले शिवलं होतं ना? घरी आणलं तं कपडा उघडू नाही देल्ला मले."
बाहेर येऊन तिचा प्रश्न अहवालाच्या मागे लिहून घेतला.

९ डिसें.
डॉक्टरांना पुन्हा बोलावण्याचा अर्ज. जजसाहेब : "उस दिन सो रहे थे क्या, वकील साहब?" सविनय होकार दिला. अर्ज मंजूर.

१६ डिसें.
डॉक्टर आले. दूध अडकूनही मूल असे जाऊ शकते? "शक्य आहे. पण मरतानाही दूध वर येतं. खात्रीनं नाही सांगता येणार." ओठांवर, नाकावर व्रण? "नव्हता."
मग दुसरा, सुमनचा प्रश्न, ज्याला कायद्यात आधार नाही. सरकारी वकील उठले. जजसाहेबांनी हातानेच बसवले. डॉक्टरांनी चष्मा काढला. माझ्याकडे नाही, पिंजऱ्याकडे पाहून बोलले.
"हो बाई. मीच शिवलं. बारीक टाक्यांनी. मग पुसून गुंडाळलं."
सुमनने पदर तोंडावर घेतला.

२१ डिसें.
उद्या निकाल. "खात्रीने नाही" हे दोन शब्द तिला तारतील की बुडवतील, वीस वर्षांच्या वकिलीनंतरही सांगता येत नाही. वकिलाने कोर्टात गळ्याला बांधायचेच असे पांढरे बँड, माझे दोन्ही जोड धोब्याकडे. धोबी सहकुटुंब वारासिवनीला, मेहुणीच्या लग्नाला. परवा उगवेल म्हणे. उद्या तिच्यासाठी उभे राहायचे ते उघड्या गळ्याने?